मॅचच्या टायमाला फोन कोण उचलणार

"काकू, कोपऱ्यात 'लाइव्ह' लिहिलेलं दिसंना. तेवढं जरा लावता का?"

फोनवर खंदारे सर होते. त्यांच्या मागे फटाके वाजत होते. मी ऑफिसात कॉम्प्युटरपुढं बसून एका बाईच्या बॉक्सला रिफ्रेश मारत होते. म्हटलं, "सर, फटाके कशाचे?"

"गोल झाला! आपल्या कोलकात्याचा! पण लाइव्ह लिहून येईना, तर रफिकभाई म्हणून राह्यले की ही मॅचच खरी न्हाई. तुम्ही तेवढं लाइव्ह लावा म्हणजे त्यांचं तोंड बंद होईल."

"मॅच खरी आहे सर," मी म्हटलं. "पण मागच्या वर्षीची आहे."

पलीकडं फटाक्यांची आणखी एक लड वाजली. मग फोन बंद झाला.

मी जालन्यात मस्तगड भागात केबल चालवते. आमच्या ह्यांनी डिश आणि व्हीसीआरवर सुरू केलेला धंदा. ते गेले, तार माझ्या गळ्यात आली. शाळा सातवीपर्यंत. बाकीचं विचारून विचारून शिकले, आणि मला विचारायची कधी लाज वाटली नाही. आता साठी उलटली तरी रोज ऑफिसात बसते. गल्लीतली सगळी मला काकू म्हणतात. माझ्यापेक्षा मोठे आजोबासुद्धा काकूच म्हणतात, त्याला माझा इलाज नाही.

लोकांना वाटतं, टीव्हीत जे दिसतं ते केबलवाला दाखवतो. असं नसतं बरं का. आम्ही म्हणजे नळवाले. टाकी संभाजीनगरला, मोठ्या कंपनीची. तिथून सिग्नल बारीक काचेच्या तारेतून येतो, तिला फायबर म्हणायचं. आम्ही तो गल्लीगल्लीत वाटतो आणि घरातल्या बॉक्सपर्यंत नेऊन सोडतो. बॉक्स अडला की कॉम्प्युटरवरून त्याला एक टपली मारायची, ते रिफ्रेश. टाकीत पाणी नसेल तर नळवाल्यानं काय करायचं? पण जालन्याच्या माणसाला नळवाल्यावर ओरडायची सवय फार जुनी आहे.

तर टाकीत पाणी नव्हतं. देशातली ती मोठी फुटबॉलची लीग बंद पडली होती. मालक लोकांचं म्हणणं, मॅचेस वाढवा, दर दोन-तीन दिवसांनी खेळा. खेळाडूंचं म्हणणं, आम्हाला सुट्टी लिहून द्या, नाहीतर मैदानात उतरत नाही. मालकांनी मैदानाला कुलूप लावलं, खेळाडूंनी बूट काढून ठेवले. चॅनलवाल्यांना काहीतरी दाखवायला पाहिजे, म्हणून ते जुन्या मॅचेस लावत होते. आणि आमचं मस्तगड जुन्या मॅचला नवे फटाके उडवत होतं.

आमच्या भागात फुटबॉलचं वेड कुठून आलं मला ठाऊक नाही. बाकी शहर क्रिकेटवर, इथल्या दोन गल्ल्या फुटबॉलवर. सगळे रफिकभाईच्या बेकरीत जमतात, तिथं भिंतीवर मोठा टीव्ही आहे. रफिकभाई हैदराबादच्या टीमचे. म्हणतात, "अपना पुराना निजाम का रिश्ता है." खंदारे सर कोलकात्याचे. सर शाळेत इतिहास शिकवतात, कोलकात्याला कधी गेलेले नाहीत, पण तिथल्या गोलकीपरच्या गुडघ्याची त्यांना घरातल्या माणसाच्या गुडघ्यापेक्षा जास्त काळजी.

फटाक्यांच्या दुसऱ्या दिवशी हे सगळे माझ्या ऑफिसात आले. पुढं सर, हातात कागद. मागे रफिकभाई आणि बेकरीवरचे दहा-बारा जण. सगळ्यात मागे एक फोटोग्राफर.

"काकू, निवेदन द्यायचंय," सर म्हणाले.

"कुणाला?"

"तुम्हाला."

आता आमच्याकडची रीत तुम्हाला माहीत असेल. रस्ता फुटला, निवेदन. ट्रान्सफॉर्मर जळाला, निवेदन. निवेदन दिलं की एक फोटो काढायचा, त्यात देणाऱ्याचाही हात कागदाला आणि घेणाऱ्याचाही. फोटो पेपरात आला की अर्धं काम झालं असं धरतात. पण फुटबॉलचं निवेदन द्यायचं कुणाला? हे आधी तहसीलला गेल्ते. तिथला क्लार्क म्हणाला, हे आमच्या अखत्यारीत येत नाही. मग क्रीडा कार्यालयात गेल्ते, तिथं साहेब दौऱ्यावर. शेवटी कुणाला तरी आठवलं की जालना शहरात फुटबॉलशी संबंध असलेली एकच जबाबदार व्यक्ती आहे, आणि ती म्हणजे केबलवाली काकू.

सरांनी निवेदन वाचून दाखवलं. त्यांचा आवाज चांगला, शाळेत झेंडावंदनाला भाषण तेच करतात. "खेळाडू हा माणूस आहे, मशीन नाही! त्याला विश्रांती हा त्याचा हक्क आहे! मालकवर्गानं हा हक्क तात्काळ मान्य करावा!"

रफिकभाई मधेच म्हणाले, "मेरेकू ये मंजूर नहीं. पैसा घेतात, तर खेळा ना चुपचाप. हम बेकरीवाले रोज भट्टी लगाते की नहीं?"

"रफिकभाई, तुमची नानकटाई वेगळी आन् सेंटर फॉरवर्ड वेगळा."

"भट्टी के सामने एक दिन खड़े रहो सर, मंग बताओ कौन मशीन है."

दोघांचं असं जुंपलं की निवेदन देणाऱ्यांत दोन गट पडले. एक खेळाडूंकडून, एक मालकांकडून. मी म्हटलं, "अहो, आधी ठरवून या की मला कुणाच्या बाजूनं फोटोत उभं राहायचंय."

माझी लाइनमन जोडी, उद्धव आणि गौतम, शिडीला टेकून हे ऐकत होती. लाइनमन म्हणजे पोलवर चढून तार जोडणारा माणूस. उद्धव वडीगोद्रीचा, शेतकऱ्याच्या घरातला, चाळिशीचा, बोलायला कमी. गौतम इथलाच, त्याच्याहून थोडा लहान, कॉलेजात गोलकीपर होता. बोलायला दोघांचं मिळून तोच. गौतमनं उद्धवला ऑफसाइडचा नियम शिकवला होता, माझ्याच टेबलावर कनेक्टर मांडून. कनेक्टर म्हणजे तारेच्या टोकाला लावायची पितळी टोपी. त्या दिवशी सरांचं 'खेळाडू मशीन नाही' ऐकून गौतमनं उद्धवकडं बघितलं, आणि उद्धवनं मान हलवली. मला वाटलं, खेळाडूंचं पटलं असेल.

निवेदनाच्या शेवटची ओळ मात्र माझ्यासाठी होती. लीग सुरू न झाल्यास आम्ही सर्व ग्राहक आपापले सेट-टॉप बॉक्स सामूहिकरीत्या परत करू.

"सर, हे काय?"

"काकू, तुमच्यावर राग न्हाई. पण कुणावर तरी दबाव आणावाच लागतो."

"आणि तो माझ्यावर?"

"तुम्ही वर कळवा. वरचे त्यांच्या वर कळवतील. असंच जातं ते."

हसू आलं, पण मनात लगेच हिशेब मांडला. मस्तगडची निम्मी लाइन या लोकांच्या आणि त्यांच्या नातेवाइकांच्या घरात आहे. लोक आधीच मोबाइलवर बघू लागलेत, गच्चीवर डिशची छत्री लावून मोकळे होऊ लागलेत. एकदा बॉक्स परत आला की तो घरात पुन्हा जात नाही. ही लाइन गेली असती तर दोन लाइनमन ठेवणं मला जमलं नसतं. एकाला तरी घरी बसवावं लागलं असतं, आणि मग माझंही फार दिवस चाललं नसतं.

फोटो काढला. मी हसले नाही म्हणून फोटोग्राफरनं परत काढला. मग संभाजीनगरला फोन लावला. आमच्या भागाचे साहेब तरुण, नम्र, आणि कायम मीटिंगमध्ये.

"साहेब, इथं लोक बॉक्स परत करायचं म्हणतात."

"का, मॅडम? सिग्नल खराब आहे का?"

"सिग्नल झकास आहे. फुटबॉल नाही."

"मग मी काय करू?"

"तेच मी त्यांना विचारलं, साहेब. ते म्हणाले वर कळवा. तर कळवलं."

"मॅडम, तुम्ही ते निवेदन मला व्हॉट्सॲप करा. मी पुढं पाठवतो."

कुठं पुढं पाठवलं देव जाणे. पण आठवडा झाला नाही तोच बातमी आली, वाद मिटला. मॅचेस थोड्या कमी, दोन मॅचमध्ये पुरेशी विश्रांती, सगळं करारात लिहून. रविवारी संध्याकाळी पहिली मॅच, आणि तीही कोलकाता विरुद्ध हैदराबाद. सर बेकरीत पेढे घेऊन आले. त्यांना खरंच वाटत होतं की निवेदन पोचलं. मला म्हणाले, "बघा काकू, दबाव आणावा लागतो."

शनिवारी संध्याकाळी गौतम आणि उद्धव माझ्या टेबलापुढं येऊन उभे राहिले. शिडी बाहेर ठेवली होती. शिडी बाहेर ठेवून आले म्हणजे काहीतरी आहे, हे मी ओळखलं.

"काकू, एक बोलायचं होतं," गौतम म्हणाला. "उद्यापासून मॅचच्या टायमाला आमी कंप्लेंट घेणार न्हाई."

"म्हणजे?"

"म्हणजे मॅच सुरू झाली की संपेपर्यंत आमचा फोन बंद. त्याच्या आधी बोलवा, नंतर बोलवा. आधी-नंतर पोलवर रातभर टांगून ठेवा, पण मधे न्हाई."

"अरे बाबा, मॅचच्या टायमालाच तर फोन येतात!"

हे खरं होतं. सगळी गल्ली एकाच वेळी टीव्ही लावते, आणि दिवसभर बंद असलेल्या टीव्हीचा बिघाड त्याच वेळी सापडतो. कुणाची पिन ढिली, कुणाचा बॉक्स अडलेला, कुणाच्या रिमोटचे सेल संपलेले.

तेव्हा उद्धव बोलला. तो बोलतो तेव्हा खाली बघून बोलतो. "काकू, तीन वर्षं झाली, ह्या गौतमनं मला फुटबॉलचा नाद लावला. पण म्या एकबी मॅच पूर्ण पाह्यली न्हाई. पयला हाफ बेकरीत, मंग फोन. उरलेली कुणाच्या तरी खिडकीतून, पोलवरून. गोल झाला की मला आवाजावरून कळतं. कुणी केला ते दुसऱ्या दिवशी."

मी म्हटलं, "बघू."

मालकीण 'बघू' म्हणते तेव्हा त्याचा अर्थ नाही असतो, हे त्यांना बराबर ठाऊक होतं. गौतम म्हणाला, "काकू, बघू न्हाई. खेळाडूंनी लिहून घेतलं. आमी तर नुसतं तोंडी मागून राह्यलो."

"तुम्ही काय खेळाडू आहात?"

"खंदारे सर म्हणले होते, माणूस मशीन न्हाई. त्यांनी ते नुसतं सेंटर फॉरवर्डपुरतं म्हणलं न्हवतं."

मी हसून विषय सोडून दिला. चहा पाजला आणि घरी पाठवलं. मला वाटलं, रविवारी विसरतील.

रविवारी दुपारी जेवून हात धुते तोवर फोन वाजायला लागले. एकाच भागातून, एकापाठोपाठ एक. 'नो सिग्नल'. एकाच वेळी इतके फोन आले म्हणजे घरातला बिघाड नसतो, तार तुटलेली असते. मी चपला घालून निघाले. कोपऱ्यावर पाइपलाइनसाठी खोदकाम चाललं होतं. जेसीबीवाला खाली उतरून खड्ड्यात बघत होता. म्हणाला, "मावशी, ती तार तुमची होती का?"

माझीच होती. बाकी ठिकाणी फायबर वरून पोलवरून जाते, नेमकी या कोपऱ्यावर रस्ता ओलांडायला जमिनीखालून घेतली होती. जेसीबीच्या दातानं ती शेवयीसारखी ओढून तोडली होती. नुसती पिळून टेप लावावी अशी ही तार नाही. आतले काचेचे धागे केसाएवढे. ते सोलून, साफ करून, एका छोट्या मशीनमध्ये समोरासमोर ठेवून वितळवून जोडतात. त्याला स्प्लायसिंग म्हणतात. मशीन माझ्याकडं आहे, पण हात गौतमचे लागतात, आणि पोलवरून नवी तार ओढायला उद्धव.

दोघांना फोन केला. दोघं आले, लगेच आले. खड्डा बघितला, तार बघितली, आणि समोरच्या टपरीवर चहा घेऊन बसले.

"अरे, बसले काय?"

गौतम म्हणाला, "काकू, तार जोडतो. दीड-दोन तासांचं काम आहे. पण आधी शब्द द्या. आज ही जोडली आन् मॅच लागली की फोन सुरू होणार. नव्या जॉइंटला तर जास्तच येणार."

"आत्ता तार तुटल्यावर शब्द मागतो का रे? हा काय टाइम आहे?"

"काकू, तार तुटलेली नसली की तुम्ही बघू म्हणता."

मी साहेबांना फोन लावला. "साहेब, फायबर कट आहे. तुमच्याकडचा स्प्लायसिंगवाला पाठवा. आज संध्याकाळी मॅच आहे."

"मॅडम, आज रविवार. मेंटेनन्स टीमला सुट्टी असते."

"रविवारी सुट्टी?"

"हो, त्यांच्या करारात आहे तसं."

मग शहरातल्या दुसऱ्या एका केबलवाल्याला फोन केला, ओळखीचा आहे. म्हटलं, तासभर तुझा माणूस दे. तो हसत म्हणाला, "काकू, तुमच्या गौतमनं आमच्याकडं आधीच फोन केल्ता. आमची पोरं म्हणतात, मस्तगडला जायचं न्हाई आज. उलट ती पण मला तेच मागून राह्यली. तुम्ही काय ठरवता ते मलाबी कळवा."

तोवर बेकरीवरचे सगळे टपरीपुढं जमले होते. सगळ्यात पुढं खंदारे सर, अंगावर कोलकात्याचा शर्ट, खाली शाळेची पँट.

"अरे गौतम, इथं अर्धं मस्तगड ताटकळून राह्यलं आन् तुम्ही चहा पिता?"

"घ्या ना सर, तुम्हीबी घ्या."

"मला चहा नको, मॅच पाहिजे! सहा महिन्यांनी मॅच आली! आमच्या भावनांचा काही विचार?"

गौतमनं ग्लास खाली ठेवला. "सर, खेळाडू बसले तवा तुम्ही आमच्यापुढंच म्हणले, विश्रांती हा हक्क आहे."

"ते खेळाडूंचं होतं!"

"मंग आमी कोण?" उद्धवनं विचारलं.

सर अडकले. "तुम्ही... तुम्ही सेवा आहात."

आख्खी टपरी हसली. जेसीबीवालासुद्धा हसला, आणि त्यानं हसायचं काही कारण नव्हतं.

रफिकभाई इतके दिवस मालकांच्या बाजूचे, 'चुपचाप खेळा'वाले. आता माझ्याकडं वळून हात जोडायला लागले. "काकू, दे दो ना. जो मांगते वो दे दो. सुट्टी मांगते, सुट्टी दे दो. मालक को थोड़ा झुकना पड़ता."

"रफिकभाई, परवा तर तुम्ही म्हणत होते, पैसा घेता तर काम करा."

"वो परवा था काकू. परवा मॅच नहीं थी."

मी तिथल्या स्टुलावर बसले. दोन्ही बाजूंनी माझंच चुकत होतं. लाइनमनला नाही म्हटलं तर आज मॅच नाही, आणि उद्या सकाळी ऑफिसापुढं बॉक्सचा ढीग. हो म्हटलं तर मॅचच्या टायमाला शंभर फोन, उचलायला कुणी नाही, आणि मग तेच बॉक्स, तोच ढीग. मी एकटी फोन आणि कॉम्प्युटर दोन्ही सांभाळून बघितलंय. एका कानाला फोन, दुसऱ्या कानाला फोन, आणि समोर येऊन उभा राहिलेला तिसरा.

उद्धवला माझी दया आली असावी. म्हणाला, "काकू, फोन कुणीबी उचला. आमचं एवढंच, आमी न्हाई."

कुणीबी. मी मान वर केली तर समोर कोलकात्याचा शर्ट.

"सर," मी म्हटलं, "मॅच तुम्हाला पाहिजे ना?"

"अर्थात."

"मग तुम्ही बसा फोनवर. आज तुम्ही, पुढच्या वेळी रफिकभाई, मग आणखी कुणी. ज्यांना मॅच पाहिजे त्यांनी पाळी लावून घ्या. बरीचशी कंप्लेंट रिफ्रेशवर जाते, ते मी शिकवते. पोलवर चढायचं असेल ते मॅच संपल्यावर."

"मी?" सर दचकले. "मला काय येतं त्यातलं?"

"मला तरी काय येत होतं?"

"पर ये एकदम सही है," रफिकभाई घाईनं म्हणाले. "पहली बारी सर की."

"पण मॅच कोलकात्याची आहे!"

"सर, आमच्या तीन वर्षांच्या मॅचेस कुणाच्या तरी होत्याच की," गौतम म्हणाला.

सरांनी घड्याळ बघितलं. माणसाचं तत्त्व आणि माणसाची मॅच एका जागी आली की चेहरा बघण्यासारखा होतो. सर इमानदार माणूस, हे मी म्हणेन. त्यांनी सबबी सांगितल्या नाहीत. घासाघीस मात्र केली.

"पहिला हाफ बसतो. फक्त."

"पूर्ण मॅच," गौतम.

"बरं, मधली सुट्टी माझी."

"मधल्या सुट्टीत सगळ्यात जास्त फोन येतात, सर. शेवटचा जादा इंजुरी टाइम धरून पूर्ण मॅच."

"मंजूर," सर म्हणाले, आणि त्यांनी गौतमचा चहा उचलून पिऊन टाकला.

मग काम जे चाललं ते बघण्यासारखं होतं. उद्धव पोलवर चढला. खालून तार सोडायला बेकरीवरचे सगळे, रफिकभाई स्वतः तारेचं भेंडोळं धरून. गौतमनं टपरीच्या टेबलावर स्वच्छ फडकं घातलं, मशीन मांडलं, आणि सगळ्यांना लांब उभं केलं, कारण धुळीचा एक कण पडला तरी जॉइंट वाया जातो. सर लांब उभं राहूनसुद्धा श्वास रोखून होते. पहिला जॉइंट झाला, मीटर लावलं, तर सिग्नल कमी. मीटर म्हणजे तारेतून किती उजेड येतो ते सांगणारं यंत्र. गौतमनं जॉइंट तोडला, पुन्हा केला. मॅच सुरू व्हायला थोडाच वेळ राहिला असताना बेकरीतून ओरडा आला, "आली! आली!"

गौतम आणि उद्धव हात पुसून बेकरीत गेले. रफिकभाईंनी त्यांना पुढच्या बाकड्यावर बसवलं. मी आणि सर ऑफिसात आलो.

ऑफिसात एक छोटा टीव्ही आहे. तो बघून सरांचा चेहरा उजळला. "काकू, इथं तर दिसतंय की!"

"दिसतंय सर. पण तो चॅनल तपासायचा टीव्ही आहे. फोन ज्या चॅनलचा येईल तो लावून बघायचा, आपल्याकडं येतोय का."

पहिला फोन आला. एका आजींची सीरियल दिसत नव्हती. सरांनी मॅच काढून सीरियल लावली. दिसत होती. मी कॉम्प्युटरवर बॉक्सचा कार्ड नंबर कसा टाकायचा ते दाखवलं, सरांनी रिफ्रेश मारला. आजी म्हणाल्या, आता आवाज नाही. सरांनी आवाज वाढवायला सांगितला. आजींना रिमोट सापडेना. सर म्हणाले, "आजी, उशीखाली बघा." सापडला. सर हरखले. पुन्हा मॅच लावली, तेवढ्यात दुसरा फोन. कुणाची भक्तीची वाहिनी. मग कुणाचं कार्टून.

एका बाईचा टीव्ही भलत्याच इनपुटवर गेला होता. सर तिला सांगत होते, "ताई, रिमोटवर सोर्स म्हणून बटण आहे, वरच्या बाजूला. न्हाई, लाल न्हाई. त्याच्या शेजारचं." आणि बाहेर बेकरीतून असा आवाज उठला की माझ्या टेबलावरचे कनेक्टर हलले. ऑफिसच्या टीव्हीवर तेव्हा कीर्तन चालू होतं.

सरांनी फोनवर हात ठेवून मला विचारलं, "कुणाचा?"

"मला काय माहीत, सर."

"ताई, एक मिनिट हं." सर दारापर्यंत गेले. फोन वाजत राहिला, म्हणून परत आले. "हां ताई. लाल न्हाई म्हटलं ना."

गोल कोलकात्याचाच होता. मॅचमधला तो एकच.

मॅच संपल्यावर गौतम नाचत आला. उद्धव मागून शांतपणे आला. मी विचारलं, "काय रे, बघितली ना आयुष्यातली पहिली पूर्ण मॅच? कशी होती?"

"चांगली होती काकू," तो म्हणाला. "पण मधे मधे लई वेळ नुसतेच पळून राह्यले. पोलवरून बघताना इतकं कळत न्हवतं."

बॉक्स कुणी परत केला नाही. पाळी त्या सीझनभर चालली, आणि पुढच्या सीझनलाही चालू आहे. रफिकभाई त्यांच्या पाळीला नानकटाई घेऊन येतात आणि सगळ्या बायकांना "बेटा, टीव्ही बंद करके चालू करो" एवढं एकच सांगतात. त्यातल्या निम्म्यांचं त्यानं खरंच चालतं. दुसऱ्या केबलवाल्यानं त्याच्या पोरांना सुट्टी दिली, पण त्याच्याकडं अजून फोन उचलायला कुणी नाही, म्हणून मॅचच्या टायमाला तो स्वतः बसतो आणि मला शिव्या देतो. गौतमनं आता आठवड्याची सुट्टी मागितली आहे. या वेळी मी बघू म्हटलं नाही. सरळ दिली.

खंदारे सर हल्ली हक्कावर कमी बोलतात. परवा पुन्हा कुठल्या तरी खेळाच्या संपाची बातमी आली, बेकरीत वाद रंगला, सगळ्यांनी सरांकडं बघितलं. सर म्हणाले, "आधी मला सांगा, फोनवर कोण आहे?"

इतक्या वर्षांत धंद्यातून मला कळलं ते एवढंच. मॅच सगळ्यांना बघायची असते, आणि ती चालू राहावी म्हणून कुणीतरी एक ती न बघता बसलेला असतो. तो कोण, हे आधी ठरवून घ्यावं, तार तुटायच्या आधी. त्यानं भांडण निम्मं मिटतं. उरलेलं निम्मं कोलकाता आणि हैदराबादचं, त्याला रिफ्रेश मारून उपयोग नाही.